पाकीट क्रमांक २११

मे महिन्यात अमरावती रोडवरच्या आमच्या विभागात
दोघंच असतो, मी आणि शालिकराम हेडाऊ.
कूलर माणसात धरला तर तिघं.
बाहेर सेहेचाळीस.
कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळ पानं मुडपून बसलंय,
दुपारी इतवारीतली दुकानं अर्धं शटर ओढतात तसं.

शेवाळ म्हणते खरी, पण तो शब्दही नीट नाही.
फुटाळ्याच्या पाण्यावरचं शेवाळ, भिंतीवरचं शेवाळ,
पाय घसरला की सगळंच शेवाळ.
पुस्तकात 'हरिता' आहे.
पुस्तकाबाहेर हरिता म्हटलं की लोकांना
कुणाची तरी मुलगी वाटते.

आज दोनशे अकरा नंबरचं पाकीट.
वर्तमानपत्राची घडी, आत चिमूटभर काळपट काहीतरी,
चहापत्तीच म्हणा.
वर निळ्या शाईत, उजवीकडे कललेलं अक्षर:
'सेमिनरी हिल्स. नाल्याकाठचा काळा दगड.
ऑगस्ट १९७१. बोंडाला दात नाहीत.
सु. चिंचमलातपुरे.'

मी बाईंना पाहिलेलं नाही. शालिकरामनं पाहिलंय.
"मी लागलो थेव्हा बाई रिटायर होत होत्या.
दगडापाशी उकिडव्या बसत.
येणारे-जाणारे विचारत, बाई, काही हरपलं काय?"

तो ड्रॉपरनं एक थेंब सोडतो.
चहापत्ती हलते.
एक पान, मग त्याच्या मागचं,
कडा आतून सुटत जातात, आणि हिरवं,
खरंच हिरवं.
"पाहा मॅडम, जित्तं झालं."
जित्तं नाही, मी सांगते. केव्हाच मेलंय.
पेशींच्या भिंतींना ओलाव्याची सवय तेवढी उरलीय.
तो "हाव" म्हणतो
आणि मानत नाही.

बोंडाच्या तोंडाशी दात असतात, बहुधा सोळा.
कोरड्या वाऱ्यात उघडतात, बीजाणू सोडतात.
दोनशे वर्षं आम्ही तेच मोजत आलो,
बाजारात बैलाचा जबडा उघडून पाहावा तसं.
एका रांगेचे इकडे, दुहेरी रांगेचे तिकडे
आणि बिनदातांचे सगळे एका फोल्डरात.
बाईंनीही तसंच ठेवलं:
२११ ला लागून २१२, मेळघाटातलं,
एका रबरबँडात पन्नासेक वर्षं.
रबर वितळून दोघांना चिकटलेलं.

मग डीएनएचा निकाल आला.
पडद्यावर झाड उगवलं, आडवं.
ज्यांना मुळं नसतात
त्यांच्या झाडाला आम्ही मूळ देतो, तो भाग वेगळा.
२११ एका टोकाला, २१२ पार दुसऱ्या.
दोघांचेही पूर्वज दातवाले.
दात गेले ते वेगळ्या काळी, वेगळ्या दगडांवर,
एकमेकांना न सांगता.
नसणं सगळ्यांचं सारखंच दिसतं,
आणि आम्ही त्याला नातं म्हणालो.

२११ ची सख्खी निघाली
केरळच्या एका पाकिटातली, पुऱ्या दातांची,
जिला कुणी शेजारच्या कपाटातसुद्धा
बसवलं नसतं.

"मंग बाई चुकल्या?"
शालिकराम रबराचे तुकडे नखानं खरवडत विचारतो.

बाईंकडे एक भिंग होतं, एक दगड,
आणि 'दात नाहीत' हे त्यांनी जे लिहिलं
ते आजही खरं आहे.
माझ्या झाडावर, अगदी त्याच फांदीशी,
आकडा आहे शंभरात अठ्ठावन्न.
पाल चुकचुकावी इतपत खात्री.

आमच्याकडे जुनं लेबल फाडत नाहीत.
नवं त्याच्या खाली चिकटवायचं,
नाव, तारीख, सही.
मी लिहिते. तो डिंक लावतो,
पट्टी बाईंच्या अक्षराला जवळजवळ भिडवून बसवतो.
इतकी वर का, म्हणते मी.
खालची दोन बोटं कोरी जागा
तो अंगठ्यानं दाबून सपाट करतो.
"लागंल ना कोणाले."

मग बादली घेऊन कूलरकडे जातो.
टाकी गळते तिथं फरशीच्या फटीत
काहीतरी हिरवं आलंय.
त्याला अजून पाकीट नाही.